ऐकणारा नट : अशोक कुमार कार्यक्रमाच्या प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट २०२५

आमच्या मंडळाच्या आजच्या मीटिंगमध्ये विषय पास झाला. ऑक्टोबरचा कार्यक्रम माझ्याकडे. जुन्या हिंदी सिनेमातला अशोक कुमार, दीड तास, नागपूरच्या प्रतापनगरचं समाजभवन, तिकीट नाही. सेक्रेटरी म्हणाले ताई गाण्यांचा ठेवा ना, आपल्याकडे कराओकेवाले आहेत, लोकं येतात. मी म्हटलं गाणी दर महिन्याला होतातच, मला त्या माणसाचा चेहरा मोठ्या पडद्यावर दाखवायचा आहे. मग कोणीतरी म्हणालं करू द्या हो त्यांना, लहानपणापासून त्याच्या मागे आहेत त्या. हे खरं आहे. आईकडून आलेलं आहे हे, ती पोळ्या करता करता त्याच्याबद्दल असं बोलायची की कोणाला वाटावं घरातलेच कोणी मोठे भाऊ आहेत, त्याचं दादामोनी हे लाडाचं नाव मला माझ्या सख्ख्या काकांच्या आधी माहीत झालं असेल.

नोंदी यासाठी लिहून ठेवते की पुढे मंडळात कोणाला असा कार्यक्रम करायचा असला तर कामी येतील, आणि डोक्यात जे चालू आहे ते कुठेतरी उतरवायलाच पाहिजे.

९ ऑगस्ट

भाचा राखीसाठी आला होता, त्याला लॅपटॉपवर बसवलं. क्लिपा तोच कापणार आहे. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, मावशी अडीचशेच्या वर सिनेमे आहेत या माणसाचे, त्यातून उचलायचं काय? तेव्हा मी त्याला नियम सांगितला आणि सांगता सांगता मलाच तो नीट कळला. ज्या सीनमध्ये अशोक कुमार बोलत नाहीये, समोरचा बोलतोय आणि हा ऐकतोय, तेच सीन घ्यायचे.

हे माझ्या नोकरीतून आलं. मी कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो, न्यायाधीशसाहेब त्याचं ऐकून डिक्टेट करतात आणि आपण घेत राहतो. साहेबांनी तोंड उघडेपर्यंत हात मोकळा असतो मग डोळे इकडे तिकडे फिरतात. मी वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहिलेत. उलटतपासणी घेणारा वकील उत्तर ऐकताना पुढचा प्रश्न जुळवत असतो, त्याच्या ओठांवर दिसतं ते. आरोपी साक्षीदाराच्या हाताकडे पाहतो. आणि चांगला न्यायाधीश महत्त्वाचं वाक्य आलं की पेन थांबवतो, मान वर करत नाही, फक्त पेन थांबतं. सिनेमात असं ऐकणारा माणूस मला एकच दिसला. बाकीचे मोठे मोठे नट आपलं वाक्य येईपर्यंत सुंदर दिसत उभे असतात, हा खरंच ऐकत असतो आणि समोरच्याचं वाक्य याच्या चेहऱ्यावर पूर्ण होतं.

भाचा म्हणाला म्हणजे गप्प बसायच्या क्लिपा. मी म्हटलं हो.

१४ ऑगस्ट

सुरुवात १९३६ पासून. अछूत कन्या पूर्ण पाहिला, प्रिंट बरी मिळाली.

कार्यक्रमात आधी याची गोष्ट सांगावी लागेल कारण तरुण लोकांना माहीत नाही. कुमुदलाल गांगुली हे खरं नाव. जन्म भागलपूरचा, १३ ऑक्टोबर १९११, घर खांडव्याला, वडील तिथे वकील. हाही वकिलीच्या शिक्षणाला कलकत्त्याला गेला होता पण मन लागलं नाही, बहिणीचे यजमान शशधर मुखर्जी बॉम्बे टॉकीज या फिल्म कंपनीत होते त्यांच्याकडे मुंबईला आला आणि लॅबोरेटरीत असिस्टंट म्हणून लागला. नट व्हायचं नव्हतंच त्याला. जीवन नैया या सिनेमाच्या वेळी हिरो नजमुल हसन आणि हिरॉईन देविका राणी पळून गेले, ती परत आली, हिरोला कंपनीचे मालक आणि तिचे यजमान हिमांशू रॉयनी काढून टाकलं आणि लॅबमधल्या या मुलाला उचलून कॅमेऱ्यासमोर उभं केलं. डायरेक्टर फ्रान्झ ऑस्टेन, जर्मन माणूस, तो याचा जबडा पाहून हा काही नट होणार नाही म्हणाला होता असं सांगतात.

आता सिनेमाबद्दल. अछूत कन्यात तो अवघडलेला आहे, हात कुठे ठेवायचे ते कळत नाहीये, आवाज पातळ आहे. देविका राणी सगळा सीन घेऊन जाते. मला हे लपवायचं नाही उलट हीच पहिली क्लिप ठेवायची आहे. ती बोलतेय आणि हा मान खाली घालून उभा आहे. त्या मान खाली घालण्यात अभिनय काहीच नाही, लाज आहे नुसती खरी, तरीपण तुम्ही त्याच्याकडेच पाहता. सात वर्षांनंतर हाच माणूस काय करतो ते लोकांनी लगेच पुढच्या क्लिपमध्ये पाहावं.

मध्येच एक गोष्ट, पॅनलसाठी, म्हणजे हॉलमध्ये लावायच्या माहितीच्या फलकांसाठी. खांडवा म्हणजे निमाड जिल्हा, आणि तेव्हा निमाड मध्य प्रांतात होता ज्याची राजधानी आपलं नागपूर. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात आला आणि खांडवा मध्य प्रदेशात राहिला. म्हणजे कुमुदलाल शाळेत असताना त्याची राजधानी हीच होती! माझ्या आईला हे माहीत असतं तर तिने अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं असतं. एक पॅनल जुन्या मध्य प्रांताच्या नकाशाचा करायचाच, नागपूर आणि खांडवा दोन्ही ठळक.

१७ ऑगस्ट

किस्मत. आज दिवसभर हेच.

१९४३, ज्ञान मुखर्जी दिग्दर्शक, अनिल विश्वास यांचं संगीत, कवी प्रदीप यांची गाणी. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तीन वर्षांच्या वर चालला. त्यातलं देशभक्तीचं गाणं लोकांना पाठ असतं पण मला पाहायचा होता तो पाकीटमार शेखर. तुरुंगातून सुटून आलेला हिरो, सिगरेट ओढणारा, चोरी करणारा, आणि तो हिरोच आहे, त्याच्याबद्दल सिनेमा माफी मागत नाही. १९४३ साली हे धाडस होतं आणि ते पेललं याच्या बोलण्याने. त्या काळात बरेचसे नट नाटकातून आलेले, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे या सवयीने बोलायचे. हा माईकसाठी बोलतो. शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. लॅबमध्ये आणि साऊंडच्या आसपास काम केलेला माणूस, मला वाटतं त्याला हे आधीच कळलं असणार की यंत्र सगळं ऐकतं, ओरडायची गरज नाही.

क्लिप कोणती घ्यायची यावर भाच्याशी बराच वाद. त्याला खिसा मारायचा सीन हवा होता, चटपटीत आहे, लोक हसतील. मला मुमताज शांती बोलत असतानाचा हवा. पाय अधू झालेली मुलगी आपली हकीकत सांगते आणि हा चोर माणूस ऐकतो. पहिल्यांदा सहज ऐकतो, चोराच्या नजरेने, या घरात काय आहे काय नाही ते पाहत. मग कुठेतरी नजर फिरायची थांबते. बस एवढंच. कुठल्या शब्दावर थांबते ते मी मागे पुढे करून शोधलं आणि भाच्याला दाखवलं तर तो म्हणाला थांब परत लाव. मग त्याने परत परत लावलं आणि माझा सीन पास झाला.

२३ ऑगस्ट

आज मारबत, आमच्या नागपुरातली पुतळ्यांची मिरवणूक. इतवारीकडे जायचं होतं जुन्या कागदांच्या दुकानात, सिनेमाच्या गाण्यांच्या त्या पातळ पुस्तिका मिळतात का पाहायला, पण काळी पिवळी मारबत निघाल्यावर तिकडे जाण्यात अर्थ नाही. घरी बसून क्लिपांसाठी मराठी मजकूर टाईप केला. त्याचं कारण असं की आपल्या मंडळात निम्म्याहून जास्त लोकांना ऐकू कमी येतं आणि जुन्या प्रिंटचा आवाज खरखरीत. समोरचा पात्र काय बोलतोय हेच कळलं नाही तर हा काय ऐकतोय ते कसं कळणार? म्हणून खाली मोठ्या अक्षरात मराठीत संवादाचा आशय द्यायचा असं ठरवलंय.

२९ ऑगस्ट

इतवारीत दोन पुस्तिका मिळाल्या, त्यातली एक झूलाची. कडा गेल्यात पण लीला चिटणीसांचा फोटो शाबूत आहे. दुकानदाराने पैसे कमी घेतले, म्हणाला घेऊन जा ताई याला आजकाल कोण विचारतं.

लीला चिटणीसांवर मला वेगळं बोलायचं आहे. कंगन १९३९, बंधन १९४०, झूला १९४१, तिन्ही अशोक कुमारबरोबर. धारवाडला जन्मलेली आपली मराठी बाई, बी.ए. झालेली, नाट्यमन्वंतरसारख्या नव्या विचाराच्या नाटकमंडळीतून आलेली. अशोक कुमारने स्वतः मान्य केलं होतं की डोळ्यांनी बोलायला मी लीला चिटणीसांकडून शिकलो. तेव्हा तो सुपरस्टार होता राजेहो, आणि तो म्हणतो मी हिच्याकडून शिकलो. १९३६ चा तो अवघडलेला मुलगा आणि १९४३ चा शेखर यांच्यामध्ये ही बाई उभी आहे. आपल्याकडे तिला नंतरची रडकी सोशिक आई म्हणूनच लक्षात ठेवलं, ते बरोबर नाही. हा पॅनल सर्वात मोठा करणार, कोणी काही म्हणो.

६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. ढोलताशे सकाळपासून. महलचं काम आज करायला नको होतं पण भाच्याला आजच सुट्टी. शेवटी हेडफोन लावून बसलो.

महल १९४९. दिग्दर्शक म्हणून कमाल अमरोहींचा पहिला सिनेमा, कॅमेरा जोसेफ विर्शिंग, एडिटिंग बिमल रॉय, संगीत खेमचंद प्रकाश. बॉम्बे टॉकीज तेव्हा अशोक कुमार आणि सावक वाच्छा चालवत होते म्हणजे नट आणि मालक दोन्ही हाच. मधुबाला पोरगेली, लता मंगेशकर नवीन. आएगा आनेवाला या गाण्यात आवाज दुरून जवळ येतो ना, त्याची गोष्ट लताबाईंनी सांगितलेली आहे, तेव्हा आवाज दूर दाखवायची मशीनमध्ये काही सोय नव्हती म्हणून माईक खोलीच्या मध्ये ठेवला आणि त्या कोपऱ्यातून गात गात माईकजवळ चालत आल्या.

आता हे लक्षात ठेवून अशोक कुमारकडे पाहा. गाणं सगळं लताबाईंचं आणि मधुबालाचं असं आपण समजतो पण पडद्यावर अर्धं गाणं याच्या अंगावर आहे. रात्रीच्या त्या वाड्यात आवाज येतो आणि हा नुसता ऐकतो, उठतो, दाराशी जातो, थांबतो. भूत दिसल्यासारखे डोळे मोठे करत नाही. कोणीतरी आपल्याला ओळखीच्या आवाजात हाक मारली आणि तो आवाज कोणाचा ते आठवत नाही अशा माणसासारखा चालतो. आवाज जवळ येतो हे तुम्हाला स्पीकरमधून कळायच्या आधी त्याच्या मानेवरून कळतं. मला वाटतं हिंदी सिनेमात भीती दाखवायची इतकी सभ्य पद्धत पुन्हा कोणी वापरली नाही.

भाच्याने आवाजातली खरखर काढायचा प्रयत्न केला, खरखर गेली पण त्याबरोबर लताबाईंच्या आवाजाची कडही गेली. परत मूळ ठेवला. खरखरीसकट दाखवायचा.

११ सप्टेंबर

कानून. या दिवसाची मी वाट पाहत होते.

१९६०, बी. आर. चोप्रा, एकही गाणं नाही. गाण्याशिवाय सिनेमा त्या काळात! अशोक कुमार जज बद्रीप्रसाद, राजेंद्रकुमार वकील, नंदा जजची मुलगी. सुरुवातीला जीवन आरोपीच्या पिंजऱ्यातून कोर्टालाच सवाल करतो, जी शिक्षा मी आधीच भोगली ती वर्षं मला कायदा परत देऊ शकतो का. जीवन पूर्ण ताकदीने बोलतो, थरथरतो, ओरडतो. आणि वर बसलेला अशोक कुमार.

मी खरे जज पाहिलेत म्हणून सांगते. सिनेमातले जज हातोडा आपटतात, चष्म्यातून रोखून बघतात, ऑर्डर ऑर्डर करतात. आपल्या कोर्टात हातोडा नसतोच मुळी. अशोक कुमार यातलं कमीत कमी करतो. तो आरोपीचं ऐकताना थोडा मागे जातो, खुर्चीला टेकतो. आरोपी जितका पुढे येतो तितका जज मागे. हे मी ज्यांच्याकडे काम केलं त्यातल्या एका फार चांगल्या साहेबांमध्ये पाहिलेलं आहे, आरोपी रडायला लागला की ते मागे टेकायचे, आपल्या चेहऱ्याचा त्याच्यावर भार पडू नये असं काहीतरी असेल त्यात. हे अशोक कुमारने कुठे पाहिलं? वडील वकील होते, लहानपणी घरात पक्षकार बसलेले असणार, ऐकणं म्हणजे काय ते त्याने खांडव्याच्या त्या बैठकीत पाहिलं असेल असं मी मनाशी धरून आहे.

पुढे तर गंमतच आहे, गंमत म्हणजे वाईट अर्थाने. खुनाच्या खटल्यात गरीब चोर पकडला गेलाय, ते काम आपल्या नाना पळशीकरांनी केलं आणि त्यांना फिल्मफेअर मिळालं त्याचं. वकिलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय की खून जजसाहेबांनी केला. आणि खटला त्याच जजसमोर. आता बचावाचा वकील एक एक वाक्य बोलतो ते जज ऐकतो. प्रेक्षक त्या चेहऱ्यावर गुन्हा शोधत राहतो आणि तो चेहरा कायद्याबाहेर एक इंच जात नाही. दाखवायचं म्हटलं तर किती सोपं होतं, कपाळावर घाम, बोटं टेबलावर. काही नाही. फक्त ऐकतो तो, आणि त्यामुळे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही काय समजावं.

ही क्लिप सर्वात लांब. भाचा म्हणाला लोकं झोपतील मावशी. मी म्हटलं झोपले तर झोपू दे, कापायची नाही.

१३ सप्टेंबर

मराठी मजकुराची चाचणी घेतली, शेजारच्या काकूंना आणि त्यांच्या जाऊबाईंना बोलावून टीव्हीवर तीन क्लिपा लावल्या. खाली मजकूर आला की दोघींचे डोळे खाली जातात आणि वाचून वर येईपर्यंत चेहऱ्यावरचं होऊन जातं! म्हणून आता मजकूर क्लिपच्या आधी काळ्या स्लाईडवर द्यायचा, कोण कोणाला काय सांगतंय ते चार ओळीत, मी मोठ्याने वाचणार, मग क्लिप स्वच्छ. काकूंना हे जमलं. कमी ऐकू येणाऱ्यांनाही आधी गोष्ट माहीत असली तर पुढचं चेहऱ्यावरून कळतं.

सगळ्या स्लाईड परत टाईप.

१९ सप्टेंबर

बंदिनी. १९६३, बिमल रॉय. अशोक कुमार तेव्हा पन्नाशी ओलांडलेला आणि नूतन सत्तावीसची. क्रांतिकारक बिकाश गावात नजरकैदेत, आणि पोस्टमास्तरांची मुलगी कल्याणी. वयाचा फरक खटकायला पाहिजे पण खटकत नाही कारण तो तिच्याशी तरुणासारखं वागायचा प्रयत्नच करत नाही.

या सिनेमात अडचण अशी झाली की इथे नूतन त्याच्याइतकीच मोठी ऐकणारी आहे. दोघं समोरासमोर आले की कोण बोलतंय याला महत्त्व राहत नाही. शोभना समर्थांची मुलगी, मराठी घरातली, तिने दवाखान्यातल्या त्या विषाच्या प्रसंगात एक शब्द न बोलता जे केलंय त्यावर वेगळा कार्यक्रम होईल. माझ्या यादीत घाटावरचा सीन आहे, आजारी बिकाश, खोकणारा, सगळं गमावलेला. तिच्याकडे पाहतो पण काही मागत नाही. बिमलदांनी पार्श्वभूमीला स्टीमरचा भोंगा ठेवलाय आणि नंतर सचिन देव बर्मन यांचा आवाज येतो. मी इथे कट करायला सांगितलं, गाणं सुरू झालं की लोक गाण्यात जातील. भाच्याने कट केला आणि मग स्वतःच म्हणाला नाही मावशी हे पाप आहे. गाणं पूर्ण ठेवलंय. त्याचं म्हणणं मला पटलं.

२४ सप्टेंबर

हलके सिनेमे. छोटी सी बात, खुबसूरत, शौकीन. यात मला फार वेळ घालवायचा नव्हता पण छोटी सी बात लावला की बंद होत नाही. खंडाळ्याचा कर्नल ज्युलियस नागेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग! अमोल पालेकर आपली फजिती सांगतो आणि कर्नल इतक्या गांभीर्याने ऐकतो जसा काही सरहद्दीवरचा रिपोर्ट आलाय. सगळा विनोद त्या गांभीर्यात आहे. दुसऱ्या कोणी नटाने तिथे मिशीत हसून घेतलं असतं.

हिरो होता तो माणूस, ज्याच्यासाठी गर्दी व्हायची, तो मग दादा झाला, बाप झाला, आजोबा झाला, आणि कुठल्याच सिनेमात असं वाटत नाही की याला आपली जागा गेल्याचं दुःख आहे. केस काळे करून पंचवीस वर्षांच्या पोरीमागे पळण्यापेक्षा त्याने वय वापरलं. आमच्या मंडळात हे सांगितलं पाहिजे असं नाही, सगळ्यांना आपोआप दिसेल.

२ ऑक्टोबर

दसरा. दीक्षाभूमीकडे गर्दी आहे, रहाटे कॉलनीपासून रस्ते वळवलेत, त्यामुळे सीताबर्डीवरच्या प्रिंटिंगवाल्याकडे आज जाणं नाही. त्याने पॅनल आधीच दोनदा पुढे ढकललेत. भाच्याला उद्या पाठवते.

घरी बसून हम लोगचा भाग लिहिला. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली दूरदर्शनची मालिका. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार यायचा आणि आज घरात काय झालं त्यावर आपल्याशी बोलायचा. आमच्याकडे टीव्ही नव्हता, खालच्या मजल्यावर जायचो, सगळ्या मजल्यांवरची माणसं सतरंजीवर. त्याला पोरापोरींची लाखांनी पत्रं गेली, आमच्या आईवडिलांना समजावा, आम्हाला आमच्या पसंतीने लग्न करायचं आहे म्हणून. हे वाचून मला नवल वाटलं नाही. पन्नास वर्षं पडद्यावर दुसऱ्याचं नीट ऐकणारा माणूस, त्यालाच लोक आपलं सांगणार. मीही लिहिलं होतं पत्र. लग्नाबद्दल नव्हतं, नोकरी करू की नको याबद्दल होतं, आणि ते टाकलंही होतं पोस्टात. उत्तर आलं नाही, ते अपेक्षितच नव्हतं, पण लिहिता लिहिता माझं ठरलं आणि मी शॉर्टहँडच्या क्लासला नाव घातलं.

हे कार्यक्रमात बोलायचं की नाही ठरवलेलं नाही.

६ ऑक्टोबर

रंगीत तालीम. पॅनल आले, नकाशा सुंदर झालाय.

मंडळाची इच्छा की कार्यक्रम १३ ला ठेवून केक कापावा, जन्मदिवस आहे. मी नाही म्हटलं. १३ ऑक्टोबर १९८७ ला, दादामोनीच्या वाढदिवसाच्याच दिवशी, किशोर कुमार गेला. त्याचा धाकटा भाऊ. त्यानंतर त्याने वाढदिवस साजरा करणं सोडलं. ज्या माणसाने स्वतः चौदा वर्षं तो दिवस केला नाही त्याच्या नावाने आपण केक कापायचा? सेक्रेटरी म्हणाले बरोबर आहे ताई तुमचं. कार्यक्रम रविवारी १२ ला, केक नाही, चहा आणि तर्री पोहे.

९ ऑक्टोबर

आशीर्वाद शेवटची क्लिप. १९६८, हृषीकेश मुखर्जी, याच कामाचं त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. सगळ्यांना त्यातलं आगगाडीचं गाणं आठवतं जे त्याने स्वतः म्हटलंय, हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे शब्द. ते घ्या असा आग्रह सगळीकडून. घेतलं, कारण त्यातही मुलं ऐकतायत आणि हा त्यांच्याकडे पाहत त्यांच्या लयीत जातोय. पण खरा सीन शेवटचा, लग्नघरात भिकाऱ्यांच्या रांगेत बसलेला म्हातारा जोगी ठाकूर आणि समोर त्याचीच मुलगी जिला माहीत नाही हा कोण. ती बोलते. तो ऐकतो. आशीर्वाद देतो. मी याबद्दल आणखी लिहू शकत नाही, स्लाईडवर चार ओळी सुद्धा नीट येत नाहीयेत. दोनच ठेवल्या.

१२ ऑक्टोबर, रात्री

झाला. हॉल भरला, मागे खुर्च्या कमी पडल्या.

प्रोजेक्टर सुरुवातीलाच अडला पण भाच्याने केबल बदलून पाच मिनिटात चालू केला. अछूत कन्याला थोडी चुळबुळ. किस्मतला शांतता. महलला पंखे बंद करायला सांगितले कोणीतरी, आवाज नीट यावा म्हणून. कानूनच्या लांब क्लिपमध्ये एकही माणूस झोपला नाही, आणि ती संपल्यावर मागून एक निवृत्त वकील काका उभे राहिले आणि म्हणाले, बाई, हा माणूस कोर्टात बसलेला आहे हो कधीतरी. मी त्यांना खांडव्याचं सांगितलं.

पत्राचं बोलले मी. हम लोगच्या वेळी आपोआप बोललं गेलं. तर आणखी दोन बायका म्हणाल्या आम्हीही लिहिलं होतं. एकीने लग्नाबद्दल, आणि ते यजमानांसमोर सांगितलं तिने, ते पहिल्यांदाच ऐकत होते, काही बोलले नाहीत पण तिच्याकडे ज्या नजरेने पाहून राहिले होते ती मला कुठल्याही क्लिपमध्ये घालता आली असती.

आशीर्वादनंतर दिवे जरा उशिरा लावले, मुद्दाम.

१४ ऑक्टोबर

कामं. प्रोजेक्टर परत केला. पॅनल माझ्या पलंगाखाली, गुंडाळायचे नाहीत, रंग तडकतो. भाच्याने सगळ्या क्लिपा आणि स्लाईड हार्डडिस्कवर टाकून दिल्या, एक कॉपी मंडळाकडे.

मागण्या आल्या त्या : परिणीता का नव्हता (१९५३, त्याने स्वतः निर्माण केलेला, पुढच्या वेळी नक्की), ज्वेल थीफ का नव्हता (त्यात तो बोलतो जास्त), आणि नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयाने हाच कार्यक्रम त्यांच्याकडे करायला बोलावलंय. त्यांच्या हॉलमध्ये पडदा लहान आहे, मी जाऊन मापून येते. लीला चिटणीसांच्या पॅनलसमोर बरेच लोक थांबले होते, तिच्यावर स्वतंत्र करायचा विचार पक्का, पण आधी कंगनची बरी प्रिंट शोधावी लागेल.

अशोक कुमार गेला १० डिसेंबर २००१ ला. यंदा १० डिसेंबर बुधवारी येतोय. वाचनालयाला तीच तारीख सुचवली, त्यांच्याकडे सकाळचा हॉल रिकामा आहे, हो म्हणाले. दिवाळी झाल्यावर भाच्याला घेऊन परिणीता पाहायला बसायचं.